एका तासाची गोष्ट आणि चार महिने दहा दिवस

आम्ही दोघी बहिणी. थोरली शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, धाकटी घरी शिवणकाम करणारी. हे लिहायला बसलो तेव्हा ‘मी’ कुणी म्हणायचं हा प्रश्न पडला. पण इथं जे सांगायचं आहे ते दोघींनी मिळून पाहिलं, मिळून केलं, आणि त्यातली चूकही दोघींची आहे. म्हणून आम्ही.

निमित्त झालं एका परीक्षेचं. धाकटीची मुलगी इंग्रजी घेऊन बी. ए. करते. एका संध्याकाळी ती झेरॉक्सची चार पानं घेऊन थोरलीकडं आली. म्हणाली, “खाला, एवढीशी गोष्ट आहे. नवरा मेला म्हणून बातमी येते, बायको रडते, शेवटी नवरा जिवंत परत येतो आणि बायकोच मरते. यातला उपरोध स्पष्ट करा, असा पाच मार्कांचा प्रश्न आहे. उपरोध कुठं आहे तेच कळेना.”

थोरलीचं इंग्रजी बेताचं. शब्दकोश मांडीवर घेऊन ती एकेक वाक्य मराठीत सांगत गेली, धाकटी मशीन थांबवून ऐकत राहिली. गोष्ट वाचायला पाऊण तास लागला. त्यानंतर बराच वेळ आम्ही एकमेकींकडं पाहिलं नाही. पोरगी विचारत होती, “काय झालं?” तिला काय सांगणार? आम्हाला आमची फुफी आठवली होती.

आधी गोष्ट सांगतो. लेखिका केट शोपँ. अमेरिकेतली. ‘द स्टोरी ऑफ अॅन अवर’ ही तिची कथा १८९४ सालची. त्याच वर्षी डिसेंबरात ती ‘व्होग’ या नियतकालिकात वेगळ्या नावानं छापून आली. लुईझ मॅलर्ड नावाची एक तरुण बाई आहे. तिला हृदयाचा आजार आहे. रेल्वेला मोठा अपघात झाल्याची बातमी वर्तमानपत्राच्या कचेरीत येते आणि मृतांच्या यादीत तिच्या नवऱ्याचं, ब्रेंटलीचं नाव पहिलं असतं. नवऱ्याचा मित्र रिचर्ड्स त्या वेळी कचेरीतच असतो. दुसरी तार मागवून तो खात्री करून घेतो आणि घाईघाईनं घरी येतो. दुसऱ्या कुणी धसमुसळेपणानं सांगण्याआधी आपण जपून सांगावं, एवढाच त्याचा हेतू. तिची बहीण जोसेफिन अडखळत, आडवळणानं तिला बातमी देते. लुईझ बहिणीच्या मिठीत मोकळेपणी रडते. मग एकटीच माडीवरच्या खोलीत जाते आणि दार लावून घेते.

खोलीत उघड्या खिडकीसमोर आरामखुर्ची आहे. बाहेर वसंत आहे. झाडांचे शेंडे, पावसाचा वास, रस्त्यावर माल विकणाऱ्याची हाळी, लांबून येणारं कुणाचं तरी गाणं, चिमण्यांची चिवचिव. ती बघत बसते आणि तिच्या मनात काहीतरी शिरू लागतं. त्याची तिला आधी भीती वाटते, ती ते परतवू पाहते. पण ते येतंच. आपण आता मोकळ्या आहोत, ही ती जाणीव. पुढची सगळी वर्षं आपली स्वतःची असतील, कुणाची मर्जी आपल्या मर्जीवर वाकून उभी असणार नाही. कालपर्यंत आयुष्य लांबलचक असेल या विचारानं तिला कापरं भरत होतं. आता तेच आयुष्य मोठं असावं अशी ती दुआ करते.

बाहेर बहीण दाराशी गुडघे टेकून विनवते आहे, दार उघड, आजारी पडशील. शेवटी लुईझ दार उघडते, बहिणीच्या कमरेत हात घालून जिना उतरते. तेवढ्यात बाहेरच्या दारात कुणीतरी किल्ली फिरवतं. ब्रेंटली आत येतो, हातात बॅग आणि छत्री, अंगावर प्रवासाची धूळ. अपघाताच्या जागेपासून तो लांब होता, अपघात झाल्याचंही त्याला ठाऊक नव्हतं. जोसेफिन किंचाळते. रिचर्ड्स त्याला आड करायला धावतो. उशीर झालेला असतो. डॉक्टर येतात आणि निदान करतात: हृदयाचा आजार होता, अतिआनंदानं मेली.

संपली गोष्ट.

पोरीला आम्ही सांगितलं, हे बघ, परीक्षेत लिहायचा उपरोध अगदी वर वर दिसतो. मेलेला जिवंत निघतो आणि जिवंत असलेली मरते. सगळे जण तिचं हृदय दुःखापासून जपतात, पण दुःखानं तिला काही होत नाही. रिचर्ड्स जपून वागायच्या नादात घाई करतो. जरा सावकाश आला असता तर नवराच आधी घरी पोचला असता आणि काहीच घडलं नसतं. बहिणीला वाटतं की बंद खोलीत ही आजारी पडेल. ती उभ्या आयुष्यात बरी असते ती नेमकी त्या एका तासात. आणि डॉक्टर! रोग बरोबर ओळखला, कारण साफ चुकीचं सांगितलं. खरं कारण त्या घरात कुणालाच माहीत नाही. माहीत आहे ते फक्त वाचणाऱ्याला. साक्षीला आपण एकटे उरतो.

पोरीनं लिहून घेतलं आणि गेली. तिचं काम झालं होतं. आमचं सुरू झालं.

आम्हाला अडवलं ते एका साध्या गोष्टीनं. या कथेत नवरा वाईट नाही. त्यानं बायकोवर हात उचललेला नाही, सवत आणलेली नाही, तिला घराबाहेर काढलेलं नाही. उलट त्याचे मायाळू हात आठवून आपल्याला पुन्हा रडू येईल, हे लुईझला ठाऊक आहे. त्यानं तिच्याकडं प्रेमाशिवाय कधी पाहिलेलं नाही. तिचंही त्याच्यावर प्रेम होतं, कधी कधी. आणि तरीही.

आपल्या लिखाणात हे ‘आणि तरीही’ फार कमी येतं. आपल्याकडं बाईच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला की तलाकपासून निघतो, आणि ते योग्यच आहे. १९६६ साली हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला तो तोंडी तलाकविरुद्ध. १९८५ साली शहाबानोचा निकाल लागला, १९८६ साली त्यावर कायदा आला, २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला, २०१९ साली तो गुन्हा ठरला. टाकलेल्या बाईसाठी कोर्ट आहे, कायदा आहे, मोर्चा आहे, आमच्या कथाही आहेत. पण जिला कुणी टाकलेलं नाही, नीट सांभाळलेलं आहे, तिनं कुठं जायचं? तिची तक्रार तरी काय लिहून घेणार? आमची फुफी अशी सांभाळलेली बाई होती.

फुफीचं लग्न १९५७ सालचं. मेहेर सव्वाशे रुपये. फुफा सरकारी कचेरीत कारकून होते. माणूस देवासारखा, असं हिंदू शेजारीही म्हणायचे. पगार आणून तिच्या हातात द्यायचे, पान-तंबाखू नाही, आवाज चढवणं नाही. फक्त त्यांना दर घटकेला फुफी लागायची. पाणी हवं, चष्मा हवा, छत्री कुठं, मोजे कुठं, कोण आलं होतं, दार का वाजलं. रात्री खोकल्याची उबळ आली की गरम पाणी. ती कुणाकडं दोन दिवस राहायला आली की तिसऱ्या दिवशी सकाळी ते न्यायला हजर. सगळे हसायचे, किती जीव आहे बघा! तीही हसायची. लग्नापूर्वी ती मराठी शाळेत सातवी पास झाली होती, पण तिला वर्तमानपत्र वाचताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. ते फुफांच्या हातात असायचं.

१९९८ च्या पावसाळ्यात फुफा गेले. जनाजा उचलण्याआधी जाणत्या बायका फुफीच्या कानाशी लागल्या, मेहेर माफ कर, त्यांना कबरीत ओझं नको. आम्ही शेजारीच बसलो होतो. फुफी काही क्षण गप्प राहिली आणि मग म्हणाली, “माफ.” बायका रडल्या, काय मनाची मोठी! आज आम्हाला ठाऊक आहे की मेहेर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे, वारसांची वाटणी होण्याआधी ते फेडायचं असतं, आणि बाईनं ते सोडायचं तर आपल्या खुशीनं सोडायचं, अशीच कुरआनची शिकवण आहे. दारात मय्यत ठेवून घेतलेल्या माफीत कसली आली खुशी? पण तेव्हा आम्हीही पदर डोळ्यांना लावला.

फुफी इद्दतला मागच्या खोलीत बसली. चार महिने दहा दिवस. आम्ही आळीपाळीनं सोबतीला जात होतो. पहिले काही दिवस ती खूप रडली. ते रडणं खरं होतं, त्यात आम्हाला आजही शंका नाही. मग दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे धाकटीला जाग आली तर फुफी उठून बसलेली, खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, “रातभर कोनबी उठाया नई गे मेरेकू.” रात्रभर मला कुणी उठवलं नाही गं. एवढं बोलून ती हसली. धाकटी घाबरली. सकाळी तिनं थोरलीला सांगितलं, आम्ही दोघींनी अब्बांना सांगितलं, आणि डॉक्टर आले. धक्का बसला आहे म्हणाले, झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. जी बाई चाळीस वर्षांत पहिल्यांदा सलग झोपली होती, तिला झोपेच्या गोळ्या!

गोळ्या तिनं घेतल्या नाहीत, उशीखाली ठेवल्या. पुढं ती वर्तमानपत्र मागू लागली. पहिल्या पानापासून निविदांच्या जाहिरातींपर्यंत वाचायची. गरम भाकरी गरम असतानाच खाऊ लागली. दुपारी झोपू लागली. तिचा चेहरा भरला. मातमपुर्सीला बायका आल्या की पदर पुढं ओढून बसायची, त्या गेल्या की पेपर उघडायची. एकदा तिनं विचारलं, पोस्टात बाईला आपल्या एकटीच्या नावानं खातं काढता येतं का? तिला माणसं भेटायला नको झाली आहेत, मनावर परिणाम झालाय, असं आम्ही घरी सांगत होतो. जोसेफिनसारखंच आम्ही दाराशी बसून होतो, दार उघड, आजारी पडशील.

आम्हाला इद्दत म्हणजे कोंडणं वाटायचं. तशी ती आहे की नाही हा वेगळा विषय. गरजेसाठी दिवसा बाहेर पडायची मुभा विधवेला हनफी फिकहतही आहे. अंधाऱ्या खोलीची सक्ती धर्मानं केलेली नाही, ती आपण केली. पण गंमत अशी की फुफीला मात्र त्याच खोलीत जन्मात पहिल्यांदा स्वतःची अशी जागा मिळाली. त्या खोलीत तिला कुणी हाक मारू शकत नव्हतं. माहेरी बाप-भाऊ, सासरी सासू-नवरा, आणि मध्ये हे एकशेतीस दिवस.

इद्दत संपली त्या दिवशी दार उघडलं आणि दारात फुफीचा मुलगा उभा होता. पुण्याहून गाडी घेऊन आला होता. चांगला मुलगा, आजही चांगला आहे. अम्मीला एकटी कशी ठेवणार? सून नोकरी करणारी, घरात दोन लहान मुलं. अब्बा म्हणाले, बरोबर आहे. आम्ही म्हणालो, बरोबर आहे. फुफीला कुणी काही विचारलं नाही. तिची ट्रंक आम्ही दोघींनी भरली. वर्तमानपत्रांचा गठ्ठा आम्हीच रद्दीत दिला. पुढच्या वर्षी फुफांच्या नावावरचं घर विकलं. विधवेचा आठवा हिस्सा असतो हे वाटणीच्या वेळी बसलेल्या सगळ्यांना पाठ होतं, पण ती मुलाकडंच तर राहते म्हणून त्याचं कुणी नाव काढलं नाही.

लुईझ मॅलर्ड दार उघडल्यावर मेली. आमची फुफी दार उघडल्यावर अकरा वर्षं जगली. नातवंडांचे डबे केले, दूधवाल्याला दार उघडलं, रात्री मुलाला खोकला आला की गरम पाणी दिलं. २००९ साली गेली, झोपेत. लोक म्हणाले, नशीबवान, सुखाचं मरण आलं, मुलानं फुलासारखं जपलं. आम्हीही तेच म्हणालो. गोष्टीतल्या डॉक्टरांनी जे केलं ते आम्ही केलं. फरक एवढाच की त्यांना आतली गोष्ट ठाऊक नव्हती, आम्ही खोलीत होतो.

केट शोपँचं आयुष्य आम्ही नंतर वाचून काढलं. १८५० साली सेंट लुईसला तिचा जन्म. ती पाच वर्षांची असताना, १८५५ साली, गॅस्कोनेड नदीवरचा रेल्वेपूल कोसळला आणि त्या गाडीत तिचे वडील गेले. ते परत आले नाहीत. पुढं ती विधवांच्या घरात वाढली: आई, आजी, पणजी. विसाव्या वर्षी लग्न, सहा मुलं, आणि १८८२ साली नवरा हिवतापानं गेला. काही काळ तिनं त्याचा धंदा स्वतः चालवला, मग आईकडं परतली आणि लिहू लागली. बत्तिसाव्या वर्षी विधवा झालेली बाई बारा वर्षांनी ही गोष्ट लिहिते, तेव्हा बंद खोलीत काय काय येऊन जातं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तिच्या काळी इंग्रजी कायद्याच्या परंपरेत लग्न झालं की बाईचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात मिसळून गेलं असं धरत. अमेरिकेतल्या राज्यांना ते बदलायला एकोणिसावं शतक पुरलं नाही. आपल्याकडं मात्र निकाह हा करार आहे, बाईचा कबूल घेतल्याशिवाय तो होत नाही, तिची मालमत्ता तिचीच राहते, मेहेर तिचा, वारसा तिचा, विधवेला दुसरं लग्न खुलं. हजरत खदीजा विधवा होत्या, व्यापार करत होत्या आणि लग्नाचा पैगाम त्यांनीच पाठवला होता. हे आम्ही सभांमधून अभिमानानं सांगतो. लुईझच्या हातात कागदावरही जे नव्हतं ते फुफीच्या हातात चौदाशे वर्षांपासून होतं. आणि दोघींना मिळालं किती? एकीला एक तास, दुसरीला एकशेतीस दिवस. आम्हाला विचाराल तर खरा उपरोध इथं आहे. पाच मार्कांत तो मावणार नाही.

ही गोष्ट आम्ही थोरलीच्या नवऱ्यालाही सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, “एवढा चांगला माणूस, आणि तिला असं वाटावं?” आम्ही विचारलं, “फुफा तरी कुठं वाईट होते?” ते काही बोलले नाहीत. त्या रात्री पाणी प्यायला ते स्वतः उठले. दुसऱ्या रात्री पुन्हा हाक मारली. माणूस चांगला आहे, सवय जुनी आहे. हाकेला ओ देऊन उठायची सवय थोरलीचीही जुनीच आहे, तेही कबूल केलं पाहिजे.

आता हे सगळं आम्ही लिहितो आहोत ते का, ते सांगतो. अब्बा २०२३ साली गेले. अम्मा गावच्या घरी एकटी राहते. भाऊ मुंबईला आहे. गेले सहा महिने त्याचं चाललं होतं की अम्माला घेऊन जातो, या वयात एकटी नको. दोघी येऊन सामान बांधा, असा त्याचा फोन आला. नेहमीप्रमाणे आम्ही बरोबर आहे म्हणणार होतो. फोन ठेवल्यावर धाकटी म्हणाली, “पुन्हा ट्रंक आपणच भरायची?”

आम्ही गावी गेलो. ट्रंकेला हात लावला नाही. चहा झाल्यावर अम्माला विचारलं, तुला काय हवं? मुंबईला जायचं, इथं राहायचं, की आमच्यापैकी कुणाकडं? घर कुणाच्या नावावर असावं असं तुला वाटतं? तुझा मेहेर अब्बांनी दिला होता का? तिनं एकदा थोरलीकडं पाहिलं, एकदा धाकटीकडं. आम्ही तिला घराबाहेर काढायला आलो आहोत की काय, अशी शंका तिच्या डोळ्यांत दिसली. ती गेल्यावर ती म्हणाली, “इत्ते साल कोनबी पूछा नई. अब एकदम जवाब कां से लाऊं?”

आठ दिवस दे म्हणाली. भावाला आम्ही तसं कळवलं. तो चिडला आहे, त्याचं प्रेम खरं आहे, त्याची काळजीही खरी आहे. अम्मा पडली-झडली तर जबाबदार कोण, असं तो विचारतो, आणि आमच्याकडं त्याचं उत्तर नाही.

आज सहावा दिवस. अम्माचा फोन आलेला नाही. आम्हीही केलेला नाही.